पंप गेला की रिले? आधी तपासा, मग पार्ट मागा



ज्यांना स्वतःचं छोटं गॅरेज काढायचंय, किंवा फोन आला की बाईकवर हत्यारांची बॅग टाकून रस्त्यात बंद पडलेल्या गाडीपर्यंत जायचं काम सुरू करायचंय, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे. गाडी सेल्फ मारते, इंजिन फिरतं, पण स्टार्ट होत नाही. किंवा चालता चालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. मीटर कसा लावायचा ते व्हिडिओत दाखवलंय, पण तिथे वेळ कमी पडतो आणि पैशांचा भाग तर राहूनच जातो. तो इथे सविस्तर लिहितोय.

माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्यामुळे हा प्रश्न मला काउंटरवरून दिसतो. एक मिस्त्री येतो आणि म्हणतो, "भाऊ, पेट्रोल पंप द्या, गाडी उभी आहे." दुसरा येतो, खिशातून रिले काढतो आणि म्हणतो, "याच नंबरचा द्या, आतले कॉन्टॅक्ट जळलेत." पहिल्याचं बिल मोठं, दुसऱ्याचं छोटं. दुकानदार म्हणून मला पहिलाच आवडायला हवा. पण वर्षभराने कोणाच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग असते ते मी बघतोय, आणि तो बहुतेक वेळा दुसरा असतो. पहिला तर चौथ्या दिवशी पंपाचा खोका घेऊन परत येतो. "लावून बघितला, फॉल्ट तोच आहे. घ्या ना परत." आता पेट्रोलमध्ये बुडालेला पंप मी पुढच्या गिऱ्हाइकाला नवा म्हणून कसा देणार? म्हणून आमच्याकडे पाटीच आहे: इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही.

याचा हिशोब मांडून बघा. समजा पंपाचं पूर्ण असेंब्ली ४,५०० रुपयांचं आहे आणि तुम्ही मजुरी ७०० लावली. गिऱ्हाइकाने ५,२०० दिले. तीन दिवसांनी गाडी त्याच सिग्नलला पुन्हा बंद पडली, कारण फॉल्ट होता २०० रुपयांच्या रिलेत. आता तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत. पैसे परत केले, तर रोजची निव्वळ कमाई १,२०० धरली तरी चार दिवसांहून जास्त काम फुकट गेलं. नाही केले, तर तो माणूस त्याच्या सोसायटीत काय सांगेल ते तुम्हाला ऐकू येणार नाही, पण तिथल्या गाड्या यायच्या थांबतील. नवीन गॅरेजला असा एक महिना जड जातो. त्यात दुकानाचं भाडं थांबत नाही.

यातून वाचायला महागडं मशीन लागत नाही. क्रम पाळायला लागतो.

आत काय चालतं ते थोडक्यात

आज आपण पेट्रोल इंजेक्शन गाडीबद्दल बोलतोय, म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या कार. कॉमन रेल डिझेलचं प्रकरण वेगळं आहे, तिथे हे आकडे लावू नका.

पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो. पेट्रोलनेच तो थंड राहतो. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली झाकण असतं, ते उघडलं की पंपाचं कनेक्टर हाताला लागतं. काही गाड्यांत मात्र टाकी खाली उतरवावी लागते, म्हणून मजुरी सांगण्याआधी हे बघून घ्या.

पंपाला जाणारा करंट रिलेमधून जातो. चावी ऑन केली की ईसीयू रिलेच्या कॉइलला करंट देतो, कॉइलचं चुंबक होतं, आतली पत्ती चिकटते आणि पंप फिरतो. दोन-तीन सेकंदांत इंजिन फिरल्याचा सिग्नल मिळाला नाही, तर ईसीयू पंप बंद करतो. हे मुद्दाम केलेलं आहे. अपघात होऊन इंजिन थांबलं, तर पंप पेट्रोल ओतत राहू नये म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

रिलेच्या पिनांचे नंबर एका जर्मन मानकातून आले आहेत, डीआयएन ७२५५२. ३० नंबरला बॅटरीचा करंट येतो, ८७ मधून पंपाकडे जातो, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. पाच पिनांच्या रिलेत ८७ए ही जास्तीची पिन असते, कॉइल बंद असताना ३० तिच्याशी जोडलेला असतो. काही जपानी पद्धतीच्या रिलेवर १, २, ३, ५ असे आकडे दिसतात. तेव्हा पाठांतरावर जाऊ नका, रिलेच्या अंगावर छोटी आकृती छापलेली असते ती वाचा. कोणता रिले पंपाचा, हे फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं.

पहिली तपासणी कानाने

आजूबाजूचा आवाज बंद करा. गिऱ्हाइकालाही थोडं शांत राहायला सांगा, कारण तो सारखं "काय झालं असेल?" विचारत असतो. एकाने चावी ऑन करायची, दुसऱ्याने मागच्या सीटजवळ किंवा टाकीच्या तोंडाशी कान द्यायचा. दोन सेकंद "घूंऽऽ" असा आवाज आला, तर पंपाला करंट मिळतोय आणि तो फिरतोय. आवाज नाही आला तर चावी बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबा आणि पुन्हा करा. काही गाड्या नुकत्याच चालवून बंद केल्या असतील तर पंप लगेच फिरवत नाहीत.

आवाज आला म्हणजे पंप चांगला, असं मात्र म्हणता येत नाही. थकलेला पंपही आवाज करतो, प्रेशर देत नाही. आणि आवाज नाही आला म्हणजे पंप गेला, हेही चूक. आवाजाने एवढंच ठरतं की पुढे कुठल्या बाजूला जायचं.

आवाज नसेल तर आधी फ्यूज. फ्यूज उडालेला असेल तर तो का उडाला हे शोधल्याशिवाय गाडी सोडू नका. १५ चा उडतोय म्हणून ३० चा टाकणारे महाभाग मी पाहिलेत. फ्यूज वाचला, वायरिंग जळलं. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे आपल्याकडचं नेहमीचं कारण आहे, सीटखालचं मॅटिंग उचलून बघायची सवय लावा.

काही फोर्ड आणि फियाट गाड्यांत धक्का बसला की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. मोठा खड्डा, मागून बसलेली हलकी धडक, एवढ्यावरही तो कधी कधी उडतो. बटण दाबलं की काम झालं. अशा दोन मिनिटांच्या कामाचे पैसे घ्यायला लाजू नका, पण आधी पेट्रोल कुठे गळत नाही ना, ते बघा. तो स्विच त्यासाठीच उडतो.

रिले: टिक आवाजावर विश्वास ठेवू नका

इथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

रिलेवर बोट ठेवलं, चावी ऑन केली, टिक झालं. मिस्त्री म्हणतो रिले ओके. पण टिक म्हणजे फक्त कॉइल आणि पत्ती काम करतेय. पत्तीच्या टोकावरचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत का, हे टिक सांगत नाही.

सोपा मार्ग: त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा एसीचा त्याच नंबरचा रिले असेल तर अदलाबदल करा. पिना आणि छापलेला नंबर दोन्ही जुळले पाहिजेत, नुसता आकार सारखा असून चालत नाही. गाडी चालू झाली आणि हॉर्न बंद पडला, तर उत्तर मिळालं. नव्या बऱ्याच गाड्यांत रिले बॉक्सच्या आतल्या सर्किटवरच बसवलेला असतो, ओढून निघत नाही. तिथे पंपाच्या टोकाला मोजण्याशिवाय पर्याय नाही.

अदलाबदल करूनही फरक पडला नाही तर रिले काढा आणि त्याच्या खाचांत मोजा. ३० च्या खाचेत बॅटरीएवढे व्होल्ट पाहिजेत. काही गाड्यांत ते चावी ऑन केल्यावरच येतात, कारण आधी मेन रिले असतो. मग फ्यूज लावलेली जंपर वायर घ्या, १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो, आणि ३० व ८७ या खाचा जोडा. पंप फिरला, तर पंप आणि तिथवरची वायर बऱ्यापैकी ठीक. मग फॉल्ट रिलेत, नाहीतर कॉइलला येणाऱ्या हुकमात. पंप फिरला नाही, तर पुढे पंपाच्या टोकाला जायचं.

जंपर तपासणीपुरता. "साहेब, आता चालवा, रिले मिळाला की बसवतो" असं म्हणून जंपर ठेवून गाडी सोडणारे आहेत. अशा गाडीला अपघात झाला आणि पेट्रोलची लाईन तुटली, तर इंजिन बंद पडूनही पंप पेट्रोल फेकत राहतो. आत बसलेल्या माणसांचा जीव त्या वायरीवर लटकतो. रिले मिळत नसेल तर गाडी टो करा, गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

कॉइलचा रेझिस्टन्स १२ व्होल्टच्या रिलेत साधारण ५० ते १२० ओहमच्या आत येतो. ७५ धरला तर कॉइल जेमतेम ०.१६ अँपिअर घेते. आता पुढचं नीट वाचा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे कॉइलच्या दहापटीहून जास्त. कॉइलला हुकूम देणाऱ्या ईसीयूच्या वायरीवर हा बल्ब लावला, तर ईसीयूचा आतला भाग जळू शकतो. म्हणून ईसीयूच्या बाजूला एलईडी टेस्टर किंवा मीटर, आणि पंपाच्या बाजूला बल्ब. उलट करू नका.

मीटर १२ दाखवतो, तरी पंप फिरत नाही

नवीन मुलं इथे अडकतात. पंपाचं कनेक्टर काढलं, मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले. "करंट येतोय, पंप फिरत नाही, म्हणजे पंप गेला." ऐकायला बरोबर वाटतं. पण मीटर स्वतः जवळपास करंट घेतच नाही. वायरीतली एकच तार शिल्लक असली, तरी मीटर १२ दाखवेल.

आकड्यात सांगतो. छोट्या गाडीचा पंप साधारण ४ ते ७ अँपिअर घेतो. ५ धरा. जळलेल्या रिले कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स अर्धा ओहम झाला असेल, तर ५ अँपिअर वाहताना अडीच व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. बॅटरी १२ असताना पंपाला मिळाले साडेनऊ. पंप फिरतो पण दम नाही, गाडी चढावर झटके मारते. आणि त्या काडेपेटीएवढ्या रिलेत साडेबारा वॅटची उष्णता तयार होते, म्हणून तो हाताला चटका देतो आणि आणखी काळा पडतो. शेवटी एक दिवस गाडी बंद.

यासाठी व्होल्ट मोजायचे ते पंप फिरत असताना, म्हणजे लोडवर. कनेक्टर जोडलेलं ठेवून मागच्या बाजूने पातळ पिन घालून मोजा. मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी पंपाच्या प्लसला. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मग बॅटरीचा मायनस आणि पंपाचा अर्थ यांच्यातला फरक, तो ०.२ व्होल्टच्या आत पाहिजे. हा ढोबळ हिशोब आहे, पण चांगला उपयोगी पडतो. अर्थ कोणी तपासतच नाही. गंजलेल्या अर्थच्या स्क्रूने किती चांगले पंप भंगारात घातले असतील, त्याचा हिशोब नाही.

पंप फिरतच नसेल तर कनेक्टर काढून त्याच्या दोन पिनांत २१ वॅटचा बल्ब लावा. चावी ऑन केल्यावर दोन सेकंद लख्ख पेटला, तर तिथवर करंट नीट येतोय. मिणमिणला, तर वायर, रिले किंवा अर्थ. इथे टाकी जवळ आहे आणि पेट्रोलची वाफ असते, म्हणून क्लिपा आधी घट्ट बसवा, बल्ब टाकीपासून लांब ठेवा आणि मगच चावी फिरवा. ठिणगी पडेल असं काहीही टाकीच्या तोंडाशी करायचं नाही.

कनेक्टर हातात आहेच तर त्याच्या पिना नीट बघा. प्लास्टिक वितळलेलं, पिन तांबूस-काळी, असं दिसलं तर नुसता पंप बदलून उपयोग नाही. नवा पंप त्याच सैल पिनेवर चालेल आणि पुन्हा जळेल. माझ्याकडे "तुमचा पंप सहा महिन्यांत गेला" म्हणून भांडायला आलेल्या माणसाला मी आधी कनेक्टरचा फोटो पाठवायला सांगतो. बऱ्याचदा भांडण तिथेच संपतं. कनेक्टरचा तुकडा वायरीसकट मिळतो, तो पंपासोबतच बदला आणि बिलात वेगळा लिहा.

करंट मिळतोय, आता प्रेशर

करंट लोडवर नीट मिळतोय आणि पंप गप्पच आहे, तर पंप गेला. एखाद्या वेळी टाकीला खालून रबरी हातोड्याने हलकं ठोकलं की पंप सुरू होतो. म्हणजे आतले ब्रश घासलेत. गिऱ्हाइकाला घरी पोचायला हे पुरतं, पण दुरुस्ती झाली असं समजू देऊ नका.

पंप फिरतोय पण गाडी ओढत नाही, तर प्रेशर गेज लावा. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजेक्शन गाड्यांत प्रेशर ३ बारच्या आसपास असतं, म्हणजे सुमारे ४३ पीएसआय. काहींत साडेतीन-चार बारही असतं, म्हणून त्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या रेलवर गेज लावायची जागाच नसते, तिथे पाईपमध्ये टी-जोड घालावा लागतो.

लाईन उघडण्याआधी प्रेशर उतरवा. पंपाचा रिले किंवा फ्यूज काढा, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीचा मायनस काढा. जोडावर कपडा धरूनच पाईप सोडवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, त्यामुळे हे काम पिटवर करू नका. मोकळ्यावर करा आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा. गॅरेजच्या सुरुवातीच्या खर्चात तो सिलिंडर लोक शेवटी लिहितात, मी तो हत्यारांच्या आधी लिहायला सांगतो.

प्रेशर कमी आलं तर पंपाचा करंट मोजा. फ्यूजच्या जागी मीटर लावून १० अँपिअरच्या रेंजवर, किंवा क्लॅम्प मीटरने. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी अँपिअर मोजतो का ते विचारा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि गाडीत काही कामाचे नाहीत. करंट जास्त आणि प्रेशर कमी, तर फिल्टर तुंबलाय किंवा पंप जड फिरतोय. करंट कमी आणि प्रेशरही कमी, तर ब्रश घासलेत, व्होल्ट कमी मिळताहेत किंवा पंप कोरडा फिरतोय. हो, टाकीत पेट्रोल आहे का ते बघा. काट्यावर भरवसा ठेवू नका, तो काटा त्याच असेंब्लीच्या फ्लोटवर चालतो.

सकाळी पहिल्यांदा खूप सेल्फ मारावा लागतो आणि चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केली की पटकन चालू होते, असं गिऱ्हाईक सांगत असेल, तर रात्रीत प्रेशर उतरतंय. पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. इंजिन बंद करून गेज तसाच ठेवा आणि काटा किती वेगाने पडतो ते बघा.

चालता चालता बंद पडणारी गाडी

गॅरेजला आली की शहाण्यासारखी चालते. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, आईशप्पथ, काल हायवेला दोनदा बंद पडली." त्याच्यावर विश्वास ठेवा. आणि अंदाजाने पार्ट बदलायचा मोह इथेच सगळ्यात जास्त होतो, तो आवरा.

गरम होऊन सोडून देणारा रिले, थकलेला पंप आणि क्रँक सेन्सर, तिघांचं लक्षण एकच. चाळीस मिनिटांनी बंद, थंड झाल्यावर चालू. तुम्ही तपासता तेव्हा तिघेही चांगले असतात. म्हणून तपासणी गाडीसोबत पाठवायची. पंपाच्या प्लस वायरीवरून फ्यूज घालून एक बारीक वायर काढा, नीट इन्सुलेट करा, ती पुढे डॅशबोर्डपर्यंत आणून छोटा बल्ब लावा आणि त्याची दुसरी बाजू अर्थला. गाडी स्वतः चालवून आणा किंवा गिऱ्हाइकाला सांगा, "बंद पडताना फक्त हा दिवा बघा."

झटके द्यायला लागली, इंजिन गुदमरतंय, आणि दिवा अजून पेटलेलाच आहे, तर करंट पोचतोय. मग पंप आणि त्याच्या अर्थकडे बघा. दिवा आधी गेला आणि मग इंजिन, तर रिले, वायर किंवा फ्यूजचा सैल जोड. दोन्ही एकदमच गेले, तर मघाशी सांगितलेलं आठवा: इंजिन फिरल्याचा सिग्नल गेला की ईसीयू स्वतःच पंप बंद करतो. तेव्हा लगेच सेल्फ मारून स्कॅनरवर आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि स्कॅनर शून्य दाखवतोय, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. यासाठी साधा ब्लूटूथ स्कॅनरही पुरतो. कोड आला तर उत्तमच: पी०३३५ क्रँक सेन्सरचा, पी०२३० पंपाच्या कंट्रोल सर्किटचा. पण कोडचं नाव वाचून पार्ट मागायला येऊ नका, कोड फक्त गल्ली दाखवतो, घर तुम्हाला शोधावं लागतं.

चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल, तर इमोबिलायझर. तिथे पंपाच्या मागे लागू नका.

सीएनजी गाडी आली तर

पुणे-मुंबई पट्ट्यात गॅरेज काढणाऱ्यांनी हे वेगळं लिहून ठेवा. सीएनजीवाला माणूस पेट्रोल जेमतेम टाकतो. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये गॅसवर गेल्यावर पेट्रोल पंप बंद करणारा कट-ऑफ रिले नसेल, तर पंप दिवसभर फिरत राहतो. टाकी रिझर्व्हला, म्हणजे थंड करायला पेट्रोल नाही. असे पंप लवकर जातात. कट-ऑफ रिले असेल, तर फॉल्ट त्या जास्तीच्या रिलेत किंवा त्याच्या ट्विस्ट करून टेप मारलेल्या जोडात असू शकतो. म्हणून सीएनजी गाडीत आधी किटवाल्याने पंपाची वायर कुठे कापलीय ते शोधा. आणि गिऱ्हाइकाला पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, हे सांगा. उबर-ओला चालवणारे याबद्दल कुरकुर करतात, पण पंपाची किंमत सांगितली की ऐकतात.

आता पैशांचं बोलू

बहुतेक नवीन गॅरेजवाले तपासणी फुकट करतात. "बघायचे कसले पैसे घ्यायचे?" मला विचाराल तर चुकीच्या पंपांचं खरं कारण हेच आहे. तपासणी फुकट दिली की तुमची कमाई पार्ट विकण्यातच उरते. मग रिले विकून ५० रुपये सुटतात आणि पंप विकून ७०० सुटतात, तेव्हा मन आपोआप पंपाकडे झुकतं. तुम्ही वाईट माणूस आहात म्हणून नाही, तुमचा दर तसा ठरलाय म्हणून.

म्हणून तपासणीचा वेगळा दर ठेवा. समजा ४०० रुपये. गाडीला हात लावायच्या आधी सांगा: "४०० तपासणीचे. फॉल्ट कुठे आहे ते आकड्यांसकट लिहून देतो. काम माझ्याकडेच करायचं अशी सक्ती नाही." काही गिऱ्हाइकं निघून जातील, जाऊ द्या. पार्ट बसवल्यावर तपासणी माफ करायची का? माझं मत, करू नका. माफ केली की पुन्हा तेच चक्र सुरू. हवं तर मजुरीत थोडी सूट द्या, पण बिलावर तपासणीची ओळ राहू द्या. गिऱ्हाइकाला त्या ओळीची सवय लागायला दोन-तीन महिने जातात.

जॉब कार्डवर चार आकडे लिहायला लागा: बॅटरीचे व्होल्ट, पंप फिरताना पंपाकडचे व्होल्ट, पंपाचा करंट, प्रेशर. काम झाल्यावर तेच चार पुन्हा. आधी ९.४, नंतर ११.८, हे कागदावर दिसलं की रिलेसाठी एवढे पैसे कसले, असं फारसं कोणी विचारत नाही. जुना रिले उघडून काळा कॉन्टॅक्ट दाखवा आणि तो गिऱ्हाइकाच्याच हातात द्या.

पंपच गेला असेल तर बिनधास्त पंप विका, मलाही आनंदच आहे. नुसती मोटर घ्यायची की पूर्ण मॉड्यूल, हे किमतीतला फरक आणि फिल्टर-जाळीची अवस्था बघून गिऱ्हाइकाला ठरवू द्या. टाकीच्या तोंडाचं रबर सील नवीनच टाका, जुनं फुगलेलं असतं, परत बसवलं की गाडीत पेट्रोलचा वास येतो आणि गाडी दुसऱ्याच दिवशी परत.

खरेदीचा क्रम विचाराल तर बल्ब-होल्डर-क्लिपा, फ्यूजची जंपर वायर आणि एक बरा मल्टिमीटर पहिल्या दिवशी. एलईडी टेस्टर त्यासोबतच. प्रेशर गेज पहिल्या महिन्याच्या कमाईतून, डीसी क्लॅम्प त्यानंतर. आणि हे सगळं फक्त कारला लागतं असं समजू नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक दुचाकी इंजेक्शनवर गेल्या. चावी ऑन केली की टाकीतून येणारा तो "घूंऽऽ" आवाज आता स्कूटरमध्येही आहे, आणि तिथे प्लग साफ करून दमलेले मिस्त्री गल्लोगल्ली आहेत.

रविवारी एक काम करा. मित्राची, मामाची, कोणाचीही चांगली चालणारी गाडी घ्या. पंपाचा आवाज ऐका, लोडवरचे व्होल्ट आणि अर्थचा फरक मोजा, करंट घ्या आणि मॉडेलच्या नावासकट वहीत लिहा. दहा चांगल्या गाड्यांचे आकडे वहीत आले, की अकरावी बिघडलेली गाडी आल्यावर कशाशी ताडून बघायचं ते तुमच्याजवळ असेल. लाईन उघडायचा भाग मात्र एकट्याने पहिल्यांदा करू नका, हात बसलेला माणूस सोबत ठेवा.